तीनार एक

आमच्या घरात नारळाला नारळ म्हणत नसत. माझ्या आजोबांचं नाव नारायण. मी जन्मायच्या आधीच ते गेले, पण जाताना आईच्या तोंडाला कुलूप लावून किल्ली सोबत घेऊन गेले. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत गावात सगळ्यांकडेच होती. आईने ती ओढत ओढत पार नारळापर्यंत नेली. 'ना'ला 'र' लागला की तिला सासरे आठवायचे आणि तिची जीभ अडायची. आता कोकणात राहून, दोन्ही वेळच्या आमटीत ज्याच्यावाचून चालत नाही त्याचंच नाव न घेता संसार करायचा, म्हणजे काय ते विचारा! आई त्याला 'माडावयलो' म्हणायची. माडावरचा. "गो, पडवीतलो माडावयलो हाड." हाड, म्हणजे आण. "माडावयल्याचो रस काढून ठेवलंय, मांजराक बघ." सत्यनारायणाची पूजा आमच्याकडे 'सत्याची पूजा' म्हणून व्हायची, अर्धा देव गाळून. मी पहिलीत गेले तेव्हा बाईंनी चित्र दाखवून विचारलं, हे काय? मी सगळ्यांच्या आधी हात वर करून खणखणीत आवाजात सांगितलं, 'माडावयलो'. सगळा वर्ग हसला. रडत घरी आले आणि आईशी भांडले. ती शांतपणे म्हणाली, "तू म्हण गो. तुका कोणी आडवला? माझ्या तोंडात तेवडो घालू नको."

पिंगुळीच्या अलीकडे रस्ता सोडून काजूच्या बागेतून आत गेलं की आमचं घर. सकाळी अडाळ्यावर खोबरं खवल्याची खरखर, मागीलदारी बाबांच्या आंघोळीच्या पाण्याखाली तडतडणाऱ्या करवंट्या आणि लांब वळणावर एस्टीचा हॉर्न, एवढ्या आवाजांवर आमचं सगळं घड्याळ चालायचं. बाबा कुडाळला एका सोसायटीत कारकून होते. पेज आणि भाजलेला सुका बांगडा खाऊन ते जी गाडी पकडायचे, तीच गाडी मी कॉलेज संपल्यावरही पकडत होते, कारण त्यांनी माझं नाव कॉम्प्युटरच्या क्लासात घातलं होतं. मला वाटलं, बाबांना माझं कौतुक. नंतर कळलं की कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, कॉम्प्युटर शिकलेली मुलगी स्थळाला बरी पडते. म्हणजे मशीन मला बाहेर काढायला नव्हतं, आत पोचवायला होतं. तरीही मी खूश होते. घरापासून तेवढे तास सुटका होती आणि परतताना बाजारातून मनासारखं चालता यायचं.

क्लास म्हणजे औषधाच्या दुकानावरची एक खोली. देवळात जावं तशा चपला बाहेर काढायच्या. मशीनवर झालर लावलेलं कापड, ते घडी करून ठेवायचं, मग बटण. वीज गेली की कोपऱ्यातला बॅटरीचा डबा कुईं कुईं रडायचा आणि सर ओरडायचे, "सेव्ह करा, सेव्ह करा!" सर घाटावरचे, आवाज मोठा, मनाने मऊ. एका मशीनवर दोघी. माझ्याबरोबर ज्युली बसायची. ती मूळची मालवणची, कुडाळात मावशीकडे राहायची आणि रोज डब्यात मासे आणायची. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची, त्यांच्याकडे बघत आम्ही दोघी एकाच स्टुलावर अर्ध्या अर्ध्या टेकायचो.

त्या दिवशी सर नावं शिकवत होते. "व्हेरिएबल म्हणजे डबा. डब्यावर नाव पाहिजे, नाहीतर साखर कुठली आणि मीठ कुठलं? नाव अक्षरानं सुरू करायचं, आकड्यानं नाही. मधे जागा सोडायची नाही. दोन शब्द असले तर एका दमात लिहा, नाहीतर मधे खाली रेघ मारा. मोठी लिपी आणि छोटी लिपी वेगळी धरतं ते. आणि हे फळ्यावर लिहिलेत ते बत्तीस शब्द. तोंडात दात तेवढे. हे भाषेनं स्वतःसाठी राखून ठेवलेत. यातला एकही डब्याला द्यायचा नाही." मागून कोणीतरी विचारलं, का? सर म्हणाले, "कारण ते आधीच कामाला लागलेत." बाकीच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मला मात्र हसू आवरेना. ज्युलीने कोपराने ढोसलं तेव्हा मी तिच्या कानात म्हटलं, "ही तर आमची आवस!" आवस, म्हणजे आई. पुढे हाच धडा मी स्वतः कितीतरी वर्षं शिकवला. भाषा बदलत गेल्या, राखीव शब्द कमीजास्त झाले, झालरीची कापडं गेली. तरी दर वर्षी कोणीतरी हात वर करून 'का?' विचारतंच, आणि मला दर वेळी आधी आईच आठवते.

पण समजणं वेगळं आणि चुकणं वेगळं. सरांनी गणित दिलं होतं, आंब्यांच्या राशींची बेरीज करा. मी डब्यांना नावं दिली ती आपली साधी, इंग्रजी लिपीत एक, दोन, तीन, चार. मशीनने ती ओळच फेकून दिली. अक्षरं तपासली, स्वल्पविराम तपासले, सगळं पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा फेकली. ओळ कुठली ते मशीन सांगत होतं, पण त्या ओळीतलं कोण नडतंय ते मला दिसत नव्हतं. शेवटी सर आले, बघितलं आणि पोट धरून हसले. अक्षर ठेवायच्या डब्याला त्या भाषेत जो राखीव शब्द होता त्याला सर 'कॅर' म्हणायचे. तोच शब्द, सी-एच-ए-आर, आपल्या पद्धतीने वाचला की होतो 'चार'. फळ्यावर डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नव्हता. "चार चालणार नाही," सर म्हणाले. मी म्हटलं, "मग चारू?" माझंच नाव ते. चारुलता, घरात चारू. सर म्हणाले, "खुशाल लिही. एक अक्षर जास्त झालं की शब्द वेगळा. मशीनला त्याच्याशी काही देणंघेणं नाही." मी लिहिलं. बेरीज आली. ज्युली म्हणाली, "बघ, तुझा नाव कामाक इला." त्या दिवशी घरी जाताना मी गाडीत एकटीच हसत होते.

माझं लग्न त्याआधीच ठरलं होतं. फोंडाघाटचं स्थळ, बाजारात किराणाचं दुकान, मुलगा शिकलेला, शांत. मला मुलगा आवडला होता, हे सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगीच त्याच्यावर राग धरील. अडचण भलतीच निघाली. पत्रिका पुरुषांनी पाहिली होती. बायका मला नुसतं 'चेडू', म्हणजे पोरगी, म्हणत होत्या. साखरपुड्यात भटजींनी मुलीचं नाव मोठ्याने विचारलं, बाबांनी मोठ्याने सांगितलं, आणि होणाऱ्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सासऱ्यांचं नाव चारुदत्त. सगळा बाजार त्यांना चारूशेट म्हणत होता. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून त्या नावाच्या वाऱ्याला उभ्या राहिल्या नव्हत्या. एवढंच काय, त्या 'चार' हा आकडासुद्धा उच्चारत नसत. मोजताना तीनवर आल्या की म्हणत, 'तीनार एक', आणि मग पाच. तीनावर एक. दुपारी चार वाजले की 'चायची वेळ झाली' म्हणत. त्या बाईने मला हाक कशी मारायची? तेव्हा नाव बदलायचं, हे न बोलताच ठरलं.

लग्नात मुलीचं नाव बदलणं ही काही नवलाई नव्हती, म्हणून कोणाला त्यात काही वाटलं नाही. उलट आमच्या वाडीला खेळच मिळाला. विहिरीवर गेले की कोणी म्हणायचं शुभांगी ठेवा, कोणी म्हणायचं स्नेहल बरं वाटतं. काजू सोलायला बसलेल्या बायका माझ्यासमोर माझी नावं ठरवत, आणि मी हात डिंकाने माखवून खाली मान घालून ऐकत असे. कोणी माझ्यावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उलट बोलता येतं. इथे सगळे प्रेमाने बोलत होते. आईला सांगून बघितलं. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "माझाय नाव बदललेला. मेलंय मी?" मी विचारलं, काय होतं तुझं नाव? एवढी वर्षं तिच्या पोटची मुलगी, आणि मला माहीत नव्हतं. तिने सुपातला एक खडा वेचून फेकला. मग म्हणाली, "आता ता आठवून काय करू?" आणि सूप घेऊन उठली. ज्युलीला सांगितलं तर तिला ते खरंच वाटेना. "आमच्यात बाप्तिस्म्याक नाव दितत ता मरासर. लग्नात कोण पुसता?" मला तिचा इतका हेवा वाटला की त्या दिवशी मी तिच्या डब्यातला मासाही खाल्ला नाही.

नाव पक्कं करायला सासूबाई आल्या, बरोबर त्यांची नणंद, आत्याबाई. आईने शिरवाळ्यांचा घाट घातला होता. तांदळाच्या वाफाळत्या शेवया आणि त्यावर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. पंगतीला बसल्यावर आईने विचारलं, "किती वाढू?" सासूबाई म्हणाल्या, "तीनार एक पुरे." आईचा हात थबकला. मग तिने शेवयांचे चार चवंगे वाढले आणि म्हणाली, "माडावयल्याचो रस आजून घेवा." आता सासूबाई थबकल्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि अशा हसल्या की जणू जत्रेत हरवलेल्या बहिणी भेटल्या. "सासऱ्याचा?" सासूबाईंनी विचारलं. "होय. तुमचा घोवाचा?" "होय गो बाय!" मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला त्या क्षणी कळलं की आता माझ्या बाजूने या घरात कोणी उरलेलं नाही.

आत्याबाई मुद्द्यावर आल्या. "शुभदा. माका बरा वाटता. बाजारातसून कोणी चारू म्हणान साद घातली, तर सासरो वळतलो की सून?" आई लगेच म्हणाली, "बरा नाव आसा, शुभदा." ज्या तोंडाने मला इतकी वर्षं हाक मारली त्याच तोंडाने तिने ते नाव एका घासाबरोबर गिळून टाकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी पुढे झाले. मालवणीत बोलायला गेले असते तर आईच्या नजरेने तोंड मिटलं असतं. म्हणून मी क्लासात बोलतात तसं, पुस्तकातलं बोलले.

"माझं नाव बदलायचं नाही."

आई म्हणाली, "चारू, आत जा." मी गेले नाही. म्हटलं, "कॉम्प्युटरलासुद्धा चार चालत नाही. तो त्याचा राखीव शब्द आहे. पण चारू चालतं. मी लिहून बघितलंय. एक अक्षर वेगळं असलं की तो शब्द वेगळा असतो."

आत्याबाई म्हणाल्या, "त्या पेटयेक काय कळता?" पण सासूबाईंनी हात वर केला. "थांब गो. सांगूंदे तेका." त्या माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. "तेका चा... तो शब्द कित्याक नको?"

"तो आधीच दुसऱ्या कामाला दिलेला असतो."

"कोणी दिलो?"

"ज्यांनी ती भाषा केली त्यांनी."

"म्हणजे तेकाय सासरो आसा!" त्या हसल्या, आणि आईसुद्धा मनाविरुद्ध हसली. मग हसू ओसरलं. "पण चेडवा, तुझ्या पेटयेची जीभ जड जायत नाय. माझी जाता. मी काय ह्या मुद्दाम करतंय? तुझो तो पयलो शब्द ओठार इलो की माझा तोंडच मिटता. तू म्हणतस शब्द वेगळो. डोक्याक पटता माझ्या. तोंडाक कोण सांगतलो?"

सासूबाईंनी वाटीतला रस संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ठेव तुझा नाव. पण मी ता घेवचंय नाय." आई घाबरून म्हणाली, "मगे साद कशी घालतल्यात?" "गो म्हणान. गो म्हटल्यार खयची बाय वळणा नाय?" आत्याबाई रागाने शिरवाळे तसेच टाकून उठल्या. आई माझ्याशी लग्नापर्यंत कामापुरतंच बोलली. पण मी जिंकले होते. निदान मला तसं वाटत होतं.

लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं. अंगठीने नवऱ्याने त्यात नाव लिहायचं. ह्यांना कोणी काही विचारलेलंच नव्हतं, आणि आत्याबाई कानाशी 'शुभदा, शुभदा' करत होत्या. ह्यांनी सावकाश लिहिलं: चारू. मग माझ्याकडे न बघता अंगठी पुसली. (ह्यांचं नाव मी इथे कुठेच लिहिलेलं नाही हे लक्षात आलं असेल. राखीव शब्द शिकवण्यात जन्म गेला, आणि आत्ता लिहायला बसले तर हात अडला. हसा खुशाल.) आता रीत अशी की सासूने साखर वाटत सुनेचं नवं नाव मांडवभर सांगायचं. सासूबाई उठल्या. एका हातात साखरेची वाटी घेतली आणि दुसऱ्या हातावर ते ताटच उचललं. तांदूळ हलू न देता त्या एकेकासमोर जात होत्या, साखर देत होत्या आणि ताट पुढे करत होत्या. "वाचा." म्हाताऱ्या बायकांना वाचता येत नव्हतं. त्या विचारत, "काय गो लिवलला?" सासूबाई माझ्याकडे बोट दाखवत, "तेकाच विचार." आणि मुंडावळ्या बांधलेली, मान खाली घालून बसायची ती मी, मान वर करून सांगत होते, "चारू." "काय?" "चारू!" लग्नात नवरीला सगळे नवऱ्याचं नाव घ्यायला लावतात. मला भर मांडवात माझंच घ्यावं लागलं, आणि तेव्हा मला जो आनंद झाला तसा पुढे क्वचितच झाला. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ शिजवले आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

फोंडाघाटचं घर दुकानाच्या मागे. घाट उतरून आलेले ट्रक दाराशी फुसकारत थांबायचे, तापलेल्या रबराचा वास थेट चुलीपर्यंत यायचा. माणसं चांगली होती. सासरे मला 'सूनबाय' म्हणत, हे 'ऐकलंस काय?' म्हणत, सासूबाई 'गो' म्हणत. नाव माझ्याजवळ होतं, पण कपाटातल्या शालूसारखं, कोणी नेसत नव्हतं. आणि जीवघेणी गोष्ट म्हणजे ते दिवसभर माझ्या कानावर पडत होतं. "चारूशेट, वजन करा!" "ओ चारू, पोती उतरव!" दर हाकेला मी हातातलं टाकून अर्धी उठायचे, आणि पलीकडे सासरे ओ द्यायचे. एवढं भांडून मी जे राखलं होतं ते त्या घरात दुसऱ्याच्या मालकीचं होतं. एकदा मागच्या विहिरीवर कोणी नाही असं बघून मी वाकून आत 'चारू' म्हटलं, नुसतं दुसऱ्या तोंडाने ऐकायला. विहीर खोल होती. परत आलं ते नीट कळलंही नाही. शुभदा झाले असते तर निदान कोणीतरी हाक मारली असती, असंही मनात यायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

'गो'चा तर घोळच होता. घरात मी, धाकटी नणंद आणि कामाला येणारी मंगल. सासूबाईंनी "गो!" केलं की तिघी धावायच्या, नाहीतर दुसरी जाईल म्हणून तिघीही बसून राहायच्या. एका नावाचे तीन डबे कुठलंही मशीन ओळीसकट फेकून देईल. एके दिवशी सकाळी पाहुणे येऊन बसलेले, तव्यावर घावण चढलेला, आणि चटणीचं सामान कमी पडलं. सासूबाईंनी तव्यावरची नजर न काढता हाक दिली, "गो!" नणंद अंगणातून 'ओ' म्हणाली, मंगल विहिरीवरून 'ओ' म्हणाली, मी माजघरातून. तिघी दारात एकमेकींवर आदळलो. सासूबाई भडकल्या. "सगळ्यांनी धावान येव नकात! माका ती होई, ती..." त्यांचा झारा माझ्याकडे वळला. ओठ 'च'वर आले आणि मिटले. घावण करपायला लागला. मी बघत होते त्यांच्या तोंडाकडे. त्या खरोखरच धडपडत होत्या. मग मोजताना तीनच्या पुढे जायला लागावं तशा त्या एका दमात, मधे जागा न सोडता ओरडल्या,

"गो तीनारेक! नारळ हाड!"

काही कळायच्या आत मी 'ओ' दिली.